पोट दुखतंय म्हणणारे मूल
(अभ्यासलेख : मुलांची सामाजिक-भावनिक वाढ आणि मंडळीची जबाबदारी)



दर जूनमध्ये आपल्या मंडळ्यांतून जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी मुलांसाठी वह्या, दप्तरे, रेनकोट आणि चादरी येतात. त्यांचा उपयोग होतो, आणि मुलांच्या वतीने मी आपले मनापासून आभार मानतो. त्यासोबत एक प्रश्नही दरवर्षी येतो : “आणखी काय पाठवू?” या अंकातला अभ्यास त्या प्रश्नासाठी आहे. मी अध्यापक विद्यालयात अनेक वर्षे बालमानसशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यापासून पश्चिम पट्ट्यातल्या वसतिगृहांत मुलांशी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांशी बोलायला जातो. तिथे जी गरज मला सर्वांत जास्त दिसते ती पार्सलने पाठवता येत नाही. म्हणून ती नीट समजून घेऊ या.

लूकने सांगितलेली चार मापे

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाचे शेवटचे वचन आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. नासरेथात वाढणाऱ्या येशूविषयी लूक चार गोष्टी सांगतो : तो ज्ञानाने वाढला, शरीराने वाढला, देवाच्या कृपेत वाढला आणि माणसांच्या कृपेत वाढला. आपण मुलांची उंची-वजन मोजतो, परीक्षेचे गुण पाहतो, प्रार्थना पाठ आहे का तेही विचारतो. चौथे माप मात्र राहून जाते. माणसांत वाढणे म्हणजे काय? स्वतःचे मन ओळखणे, ते आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, भांडण मिटवणे, मदत मागणे. हे काही आपोआप येत नाही. चालणे-बोलणे जसे मूल कुणाचे तरी बोट धरून शिकते, तसेच हेही शिकते. आजचे शालेय मानसशास्त्र याला ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ म्हणते.

आपली मुले कुठून येतात

जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, अंजनावळे, हातवीज, आंबेगावच्या पश्चिमेला आहुपे, तेरुंगण, असाणे ही सह्याद्रीच्या कड्याला लागलेली गावे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. काही ठिकाणी कातकरी वाड्या. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. हंगामात हिरडा गोळा करायचा. बाकीचे दिवस नारायणगाव, ओतूर, मंचर भागात कांदा-टोमॅटोच्या मजुरीला उतरायचे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. घर, जमीन, गाव हलण्याचा अनुभव इथल्या कितीतरी घरांना आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. आजही रात्रभर पाऊस कोसळला की या भागातली मोठी माणसे जागी असतात, आणि मोठी जागी असली की मुलेही जागी असतात.

आईबाप कामासाठी फिरतात म्हणून मूल सहाव्या वर्षी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात येते. ही सोय नसती तर यातली पुष्कळ मुले पाटीपर्यंत पोचलीच नसती, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. पण या सोयीची किंमत मूल मोजते. घरी ते धाकट्याला कडेवर घेत होते, शेळ्या राखत होते, ओढा कुठे ओलांडायचा हे त्याला ठाऊक होते, रानातली खायची पाने ओळखत होते. घरात त्याची गरज होती. वसतिगृहात आल्या दिवशी ते शंभर-दोनशे मुलांतले एक होते. बोली वेगळी, जेवणाची वेळ वेगळी, झोपायला अनोळखी खोली. जे घरी कर्ते होते ते इथे ‘काही न येणारे’ ठरते. सहा वर्षांच्या जिवाला हा बदल एका दिवसात पचत नाही.

न्यू हेवनमधला एक मुलगा

या विषयाचा उगम समजण्यासाठी थोडे दूर जाऊ या. डॉ. जेम्स कोमर हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय बालमनोविकारतज्ज्ञ. वडील पोलादाच्या कारखान्यात कामगार, आई लोकांच्या घरी काम करणारी. येल विद्यापीठाच्या वतीने १९६८ साली त्यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन गरीब वस्तीतल्या शाळांत काम सुरू केले. दोन्ही शाळा गुणांत अगदी तळाला होत्या. हजेरी कमी आणि शिस्तीच्या तक्रारी अखंड.

त्या काळातली एक हकीकत कोमर यांनी लिहून ठेवली आहे. दक्षिणेकडच्या खेड्यातून आलेला एक लहान मुलगा. नातेवाइकांनी त्याला शाळेत आणून सोडले आणि त्या कामाला गेल्या. अनोळखी वर्ग, अनोळखी चेहरे. मुलाने बाईंना लाथ मारली आणि बाहेर पळत सुटला. अशा वेळी नेहमीचा मार्ग म्हणजे शिक्षा. इथे मात्र शिक्षक एकत्र बसले आणि मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले. ओळखीचे सगळे मागे राहिलेले, कुणी सांगितलेले नाही, कुणी हात धरलेला नाही. मग भीतीने मूल काय करील? शिक्षेऐवजी त्यांनी नव्या मुलाचे स्वागत कसे करायचे याचा विचार केला.

कोमर यांचे म्हणणे सरळ आहे. घर आणि शाळा यांच्या रीती वेगळ्या असल्या की मूल मधल्या दरीत पडते, आणि आपण दरीऐवजी मुलाला दोष देतो. त्यांनी पालकांना शाळेच्या कारभारात बसवले, शिक्षक-पालक-समुपदेशक यांचा एक गट केला, आणि ‘दोष कुणाचा’ ऐवजी ‘अडचण काय’ असे विचारायची सवय लावली. दीड दशकात या उपक्रमातल्या शाळा शहरातल्या वरच्या शाळांत आल्या. याच विचारधारेतून पुढे १९९४ साली अमेरिकेत सामाजिक-भावनिक शिक्षणाचे काम संघटित झाले.

हे ‘लाड’ नव्हेत, याला पुरावाही आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा २१३ उपक्रमांची आणि २,७०,००० हून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली गेली. वागणुकीत सुधारणा झालीच, शिवाय अभ्यासातही सरासरी ११ शतमकांची वाढ दिसली. सोप्या शब्दांत : शंभर मुलांच्या रांगेत जे मूल बरोबर मध्यावर उभे होते ते अकरा जणांना मागे टाकून पुढे सरकले. मन थाऱ्यावर असले की डोके चालते, हे आपल्या आजीला ठाऊकच होते.

पाच क्षमता, आपल्या अंगणात

अभ्यासक या वाढीचे पाच भाग सांगतात. ते पुस्तकी वाटू नयेत म्हणून मी वसतिगृहातले रूपच मांडतो.

१. स्वतःला ओळखणे. मला आत्ता काय वाटते आहे, हे सांगता येणे. मराठीला यासाठी शब्द कमी नाहीत. करमत नाही, जीव लागत नाही, पोटात गोळा आला, हातपाय गळाले, जीव टांगणीला लागला. नीट पाहा, यातले बहुतेक शब्द शरीराचे आहेत. म्हणून लहान मूल “मला दुःख होते आहे” असे म्हणत नाही. ते “पोट दुखतंय” म्हणते.

२. स्वतःला आवरणे. राग आला तरी दगड न उचलणे. परीक्षेची भीती वाटली तरी पळून न जाणे. ‘रडू नको’ म्हटल्याने हे येत नाही. शेजारी शांत बसलेल्या मोठ्या माणसाकडे पाहून येते.

३. दुसऱ्याला जाणणे. कातकरी वाडीवरच्या मुलाला जेव्हा बाकीची मुले बोलीवरून चिडवतात, तेव्हा वसतिगृहात या क्षमतेची परीक्षा होते. आदिवासी म्हटले की सगळे एकच, असे आपण बाहेरचे समजतो. आतली उतरंड मुलांना पक्की माहीत असते.

४. नाते जोडणे. मदत मागणे हाही याचाच भाग. मोठ्या मुलांना हे सर्वांत जड जाते, कारण मागणे म्हणजे कमीपणा असे त्यांनी ऐकलेले असते.

५. जबाबदारीने निर्णय घेणे. नववीतली मुलगी सुटीत घरी जाते आणि तिच्या लग्नाची बोलणी चालू असतात. अठरा वर्षांआधी लग्न कायद्याने होत नाही, हे तिला पुस्तकातून माहीत असते. पण बापासमोर कोणते शब्द वापरायचे, आधी कुणाला सांगायचे, कुणाला सोबत न्यायचे, याचा सराव कुणी करून घेतलेला असतो का?

रविवारचे पोटदुखणे

एका वसतिगृहात सातवीतला एक मुलगा रविवारी दुपारी हमखास पोट धरून बसायचा. आधी जे करायचे तेच केले : प्राथमिक आरोग्य केंद्रात दोनदा तपासणी झाली. हे कधीही टाळू नये. दुखणे मनाचे असेल असे आपणच ठरवून बसलो तर खरा आजार हातून निसटतो. तपासणीत काही निघाले नाही. तेव्हा अधीक्षिकांनी वार मोजले. रविवार हा भेटीचा दिवस. आईबाप येतात, शेंगदाणे-चुरमुरे आणतात, फाटकाजवळ गर्दी होते. या मुलाकडे दिवाळीपासून कुणी आले नव्हते. आईवडील भट्टीवर, फोन मुकादमाचा.

हे शोधून काढण्यात स्वयंपाकघरातल्या मावशींचा वाटा मोठा होता. मुलगा दुपारी चुलीपाशी येऊन बसतो, हे त्यांनी पाहिले होते. त्या काही विचारत नसत. निवडायला तांदूळ पुढे करत. तिसऱ्या-चौथ्या रविवारी तो आपणहून बोलला : धाकट्या बहिणीला भट्टीवर कोण सांभाळत असेल? आपल्याला कुणी भेटायला येत नाही हे त्याचे दुःख होतेच, पण त्याहून मोठी त्याची काळजी होती. घरी ते त्याचे काम होते.

उपाय साधाच होता. शनिवारी संध्याकाळी मुकादमाच्या फोनवर पाच मिनिटे बोलणे ठरले. नव्याने आलेल्या दोन पहिलीतल्या मुलांना जेवणघरात घेऊन जायचे काम त्याच्याकडे दिले. पोटदुखी एकदम गेली नाही. पण काही महिन्यांनी तो अधीक्षिकांना म्हणाला, “बाई, आज करमत नाही.” माझ्या दृष्टीने हा मोठा पल्ला होता. दुखणे पोटातून शब्दांत आले. शब्दांत आलेल्या दुखण्याला सोबत करता येते.

आधी भाकर, मग प्रश्न

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देव त्याच्याशी कसा वागतो याचा क्रम पाहा. उपदेश आधी येत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा अन्न. मग लांबचा प्रवास. मग एक प्रश्न, ज्यात एलीयाला आपले सगळे गाऱ्हाणे मांडू दिले आहे. आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारून ते गाऱ्हाणे पुन्हा ऐकून घेतले आहे. सर्वांत शेवटी काम आणि एक सोबती, अलीशा. खचलेल्या माणसाला उभे करण्याचा यापेक्षा नेमका क्रम मला मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडलेला नाही. मावशींनी तांदूळ पुढे केले, ते याच क्रमात बसते.

महाराष्ट्राचा वारसा

हे सारे परदेशातून आले असे कुणी समजू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना आळशी म्हटले नाही. जिथे गुरे तिथे शाळा नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. वाडीच्या अंगणात भरणारी अंगणवाडी हाही त्यांचाच प्रयोग. मुलाकडे जे आहे तिथून सुरुवात, हा कोमर यांचा मुद्दा कोसबाडला त्याआधीच आचरणात आलेला होता.

पण हे करणार कोण?

“शिक्षकांनी करावे,” हे सोपे उत्तर. शिक्षकांवर वर्ग, नोंदी, परीक्षा आणि अनेकदा वसतिगृहाचीही जबाबदारी असते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चौऱ्याहत्तर माध्यमिक शाळांच्या त्या अभ्यासात सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच उपक्रम दोन प्रकारे राबवून पाहिला. काही शाळांत तो तिथल्याच शिक्षकांनी चालवला; काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी, ज्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. शिक्षकांनी चालवला तिथे विशेष फरक दिसला नाही. समुपदेशक होते तिथे शाळेचे वातावरण सुधारले, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, मुलांतील नैराश्याची लक्षणेही उतरली. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ नाही. ज्याला वेळ आहे, प्रशिक्षण आहे आणि ज्याच्या हातात मार्क नाहीत, अशा एका माणसाची शाळेला गरज आहे, एवढाच अर्थ आहे. आपल्या मंडळ्यांतून असा माणूस तयार होऊ शकतो.

मंडळीने काय करावे

पहिले : थोडे या, पण येत राहा. नाताळला शंभर जणांनी येऊन खाऊ वाटण्यापेक्षा, एकाच व्यक्तीने वर्षभर महिन्यातल्या ठरलेल्या शनिवारी येणे मुलाला जास्त उपयोगी पडते. येणे जमणार नसेल तर तसे आधी कळवा. वाट पाहून फसलेले मूल पुढच्या माणसावर विश्वास ठेवताना दहादा विचार करते.

दुसरे : मुलाला त्याचे दुःख सर्वांसमोर सांगायला लावू नका. अहवालासाठी किंवा देणगीसाठी रडका चेहरा टिपू नका. मुलाची कहाणी मुलाची आहे.

तिसरे : ऐकण्याला अट लावू नका. या मुलांची घरे आपापल्या देवांना मानणारी आहेत. आईच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाच्या दुबळ्या क्षणी त्याला आपल्या धर्माकडे वळवायला पाहणे हा त्याच्या विश्वासाचा गैरवापर होईल. जखमी माणसाला उचलणाऱ्या शोमरोन्याने त्याचा धर्म विचारला नव्हता.

चौथे : गुपित राखा, पण सुरक्षिततेच्या आड येणारे गुपित राखू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा कधीही थट्टेवारी नेऊ नका. त्या मुलाला एकटे सोडू नका. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८, आणि मानसिक आरोग्यासाठी शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दिवसरात्र चालतात. हे क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहावेत.

पाचवे : सांभाळणाऱ्यांना सांभाळा. अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी, मावशी यांच्याकडे मुले आधी जातात. त्यांची रजा, त्यांचे आजारपण, त्यांच्या मुलांचे शिक्षण याची कुणी विचारपूस करते का? थकलेल्या माणसाकडून धीर मागता येत नाही.

आता “आणखी काय पाठवू?” या प्रश्नाकडे. वह्या पाठवत राहा. त्यासोबत, ऐकायला शिकण्याची तयारी असलेली एक व्यक्ती आपल्या मंडळीतून निवडा, तिच्या प्रवासखर्चाची आणि प्रशिक्षणाची सोय करा, आणि तिला निदान तीन वर्षे येऊ द्या. पाचवीत आलेले मूल तोवर आठवीत गेलेले असेल, आणि त्याच्या ओळखीचा एक चेहरा बदललेला नसेल.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या संडे स्कूलमध्ये ‘शांत बसणारे’ मूल चांगले समजले जाते. त्याच्या शांततेची कारणे कोणकोणती असू शकतात?
२. एलीयाच्या कथेतला क्रम आपण खचलेल्या माणसाशी वागताना कुठे उलटा करतो?
३. आदिवासी मूल घरून कोणती कौशल्ये घेऊन येते? आपल्या उपक्रमांत त्यांना जागा आहे का?
४. आपल्या मंडळीतील कोणती व्यक्ती लहानांचे ऐकून घेण्यासाठी आधीच ओळखली जाते?

प्रार्थनेचे विषय

या पावसाळ्यात डोंगरकडेच्या गावांतील कुटुंबांच्या रक्षणासाठी. कामासाठी स्थलांतर केलेल्या आईबापांसाठी. वसतिगृहांत पहिल्यांदाच राहायला आलेल्या लहानग्यांसाठी. रात्री त्यांच्या खोलीत फेरी मारणाऱ्या अधीक्षक-अधीक्षिकांसाठी. आणि आपल्यासाठी, की ऐकायला आपल्याला सवड मिळावी.